तुम्ही विचारलंत म्हणून: पाव्हण्यांना मी शिरोलीला का नेतो

अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळा फिरून झाला, तांबड्या-पांढऱ्याची वेळ झाली की तुम्ही गाडी शिरोलीकडं का वळवता? एमआयडीसीत खाण्यासारखं काय आहे? पुण्या-मुंबईचे पाव्हणे हे विचारतातच, हल्ली घरातलेही विचारतात. इतकी वर्षं "चला तर खरं" म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगतो.

तांबड्या-पांढऱ्यावर माझा राग नाही. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं मीही रांगेत असतो. पण हे गाव ओतकामावर जगतं, आणि त्याची ओळख दोन वाट्यांत संपते, हे मला सहन होत नाही. वडिलांची 31 वर्षं शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेली. मी फाउंड्रीत मोल्डिंगचा, म्हणजे साचेकामाचा, सुपरवायझर होतो. लोखंडाच्या चौदाशे अंशांच्या रसापुढं उभी राहणारी आमची निम्मी पोरं बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची होती. ती काय खातात, हे कोल्हापूरचं खाणं नाही का?

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला तुम्ही कापड घ्यायला जाता आणि पिशव्या भरून परत येता. तिथं वळिवड्याच्या माळावर 1943 ते 1948 पोलंडच्या सुमारे 5,000 निर्वासितांची छावणी होती. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी राहिले. सकाळी तिथं दाल-पकवान खा. कुरकुरीत पकवान मोडून चण्याच्या डाळीत बुडवायचं, वर चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. तिथवर कुणाची तक्रार नसते. तक्रार शिरोलीची असते.

तर ते सांगतो. 2013 साली घरामागच्या दोन खोल्या मी आमच्याच चार मोल्डरना भाड्यानं दिल्या. सगळे बिहारचे. वागायला सरळ, भाडं वेळेवर. अडचण एकच होती, मोहरीचं तेल. ते धूर निघेपर्यंत तापवावं लागतं, नाहीतर त्याचा उग्रपणा जात नाही, हे मला पुढं कळलं. तेव्हा नुसता वास कळायचा. एका सुट्टीला हिच्या माहेरची माणसं जेवायला आलेली. मागून वास आला, कुणीतरी नाकाला पदर लावला, आणि मी ताडकन उठलो.

कढईत माशाचे तुकडे होते, वर मोहरीचं वाटण, पिवळाधमक रस्सा. मी फडक्यानं कढई उचलली आणि मोरीत ओतली.

सगळ्यात धाकटा, एकोणीस-वीस वर्षांचा, भाताचं पातेलं धरून उभा होता. त्याच्या मनगटावर फाउंड्रीत लोखंडाच्या रसाचा शिंतोडा उडालेला. आदल्या दिवशी मीच त्याला मलम लावून पट्टी बांधली होती. थोरला एवढंच म्हणाला, "चाचा, बोल देते तो हम बाहर बना लेते." मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. भांडण झालंच नाही. मीठ आणि हिरव्या मिरचीबरोबर चौघं भात जेवले. दार उघडंच होतं, मला अंगणातून दिसत होतं. दुसऱ्या दिवशी कामावर त्यांचे साचे रोजच्यासारखेच चोख पडले. महिना संपला तशी त्यांनी खोली सोडली.

घर माझं होतं, पाव्हणे माझे होते, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. त्यात खोटं काही नाही. पण माझे चुलते चंदगडहून परळला गिरणीत गेले, तेव्हा एका खोलीत पंधराजण पाळीपाळीनं झोपायचे. सुक्या बोंबलांच्या वासावरून मालकानं त्यांना खोली सोडायला लावली, ही गोष्ट आमच्या घरात आजही चिडून सांगतात. ती ऐकत मोठा झालेला मीच ना? मग कढई उचलताना ती आठवली कशी नाही?

मे 2020 मध्ये कोल्हापूरहून श्रमिक गाड्या सुटल्या. त्या गर्दीत ते चौघं होते की नाही, ठाऊक नाही. मी स्टेशनवर गेलो नाही. बाहेर पडायला बंदी होती. बंदी नसती तरी गेलो असतो का, सांगता येत नाही.

शिरोलीत एका गाड्यावर गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर लिट्टी, म्हणजे बिहारकडचे कणकेचे भरलेले गोळे, भाजतात. आत सत्तू, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, त्यात लसूण, ओवा आणि लोणच्याचा मसाला. सोबत चोखा. वांगं भाजून केलेलं आपलं भरीतच, फक्त वरून कच्चं मोहरीचं तेल. तुम्हाला मी तिथं नेतो. प्रायश्चित्त म्हणून नेतोस, असं हिचं म्हणणं. मी नाही म्हणतो. लिट्टी खरंच चांगली असते. आणि आमच्या स्वयंपाकघरात मोहरीचं तेल अजूनही येत नाही, तेव्हा प्रायश्चित्त कसलं?

गेल्या महिन्यात पुण्याच्या मेहुण्याला नेलं. पहिल्याच घासाला त्यानं नाक मुरडलं. "हळूहळू खा, सवय होते," मी म्हटलं. त्यानं अर्धी लिट्टी पानात तशीच ठेवली. ती मी ओढून घेतली आणि संपवली.