नववीचा वर्ग, गावची विहीर आणि काळी पडलेली बाटली

डिचोली तालुक्यातल्या हायस्कुलात मी नववीला विज्ञान शिकवते. पाण्याचे शुद्धीकरण म्हटले की मुले तीन शब्दांत उत्तर देतात: तुरटी, गाळणे, क्लोरीन. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा ‘हर घर जल’ प्रमाणित झालेले देशातले पहिले राज्य ठरले, म्हणजे नळ घरोघरी आला. तरी पिण्यासाठी विहिरीचेच पाणी काढणारी घरे आमच्याकडे बरीच आहेत. का, तर "नळाच्या पाण्याला वास येतो टीचर, आमच्या विहिरीचं गोड लागतं." हा समज मुलांनी स्वतः तपासून पाहावा, एवढीच माझी इच्छा होती.

सुरुवात पावसात केली, कारण तेव्हा वाळवंटी नदीचे पाणी लाल असते. सारख्या आकाराच्या ग्लासांत तेच पाणी घेऊन तुरटीचे द्रावण कमी-जास्त प्रमाणात घातले. आधी मिनिटभर जोरात ढवळायचे, मग पंधरा-वीस मिनिटे अगदी सावकाश. सावकाश ढवळण्याचा मुलांना कंटाळा येतो, पण बारीक कणांचे गुठळे तेव्हाच बनतात. अर्ध्या तासाने पाहिले तर सगळ्यात जास्त तुरटीच्या ग्लासातले पाणी सगळ्यात नितळ नव्हते. मुलांना हे पटेना, म्हणून त्यांनी प्रयोग परत केला. मग पाणी किती आम्लधर्मी आहे ते दाखवणारी पीएच पट्टी बुडवली; पीएच जितका कमी, तितके पाणी आम्लधर्मी. तुरटीने पीएच खाली येतो, आणि आपल्या जांभ्याच्या भागातले पाणी मुळातच थोडे आम्लधर्मी असते. अशा वेळी जलशुद्धीकरण प्रकल्पात चुना का घालतात, हे मला वेगळे सांगावे लागले नाही.

खांडेपार नदीवरचा ओपाचा जलशुद्धीकरण प्रकल्प पाहायला रीतसर परवानगी घेऊन गेलो. तिथे मुलांच्या लक्षात राहिली ती वाळूच्या गाळणीची उलटी धुलाई: खालून पाणी सोडले की अडकलेला गाळ उसळून वर येतो.

खरा धडा चाचणीचा होता. मुलांनी घरून नमुने आणले. बाटल्यांवर नावे न घालता मी फक्त क्रमांक घातले आणि यादी माझ्याकडे ठेवली. कुणाच्या घरच्या पाण्यावर वर्गात बोट दाखवले जाऊ नये, हे मला चाचणीइतकेच महत्त्वाचे वाटते. नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासायची डीपीडीची गोळी टाकली की गुलाबी रंग येतो. नळापर्यंत पोचताना लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. मुले नावे ठेवत होती तो वास याच शिल्लक क्लोरीनचा, आणि वाटेत पाइपात काही शिरले तर राखण करणाराही तोच.

मग जिवाणू तपासायच्या, हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटल्या खुणेपर्यंत भरून उबेला ठेवल्या. मलमूत्रातून येणारे जिवाणू असतील तर एक-दोन दिवसांत पाणी काळे पडते. नळाच्या बाटल्या तशाच राहिल्या. वर्गाने डोळ्यांनी पाहून ‘सगळ्यात स्वच्छ’ ठरवलेली विहिरीची बाटली मात्र शाईसारखी काळी झाली. वर्ग एकदम शांत झाला. ही चाचणी फक्त इशारा देते, पक्का निष्कर्ष प्रयोगशाळेतच निघतो. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू मुळीच आढळू नये, असा नियम आहे. हे सगळे मी लगेच सांगितले.

बाटली कुणाची, हे त्या मुलाने शाळा सुटल्यावर मला एकटीला विचारले. त्याच्या आईच्या परवानगीने आम्ही विहीर पाहायला गेलो. कठडा एका बाजूने खचलेला होता, आणि वरच्या अंगाला शोषखड्डा, पंधरा मीटरही लांब नव्हता. जांभ्याच्या भोकांतून पाणी झपाट्याने झिरपते. आजी सोप्यावर बसल्या होत्या. "ह्याच पाण्यावर आम्ही वाढलो," त्या म्हणाल्या. मी वाद घातला नाही. नमुना प्रयोगशाळेत पाठवू आणि तोवर पाणी उकळून पिऊ या, एवढेच बोलले.

ब्लीचिंग पावडरचा हिशोब मुलांनी केला. विहिरीचा व्यास ३ मीटर, पाणी २ मीटर, म्हणजे सुमारे १४,१३० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या सर्वसाधारण प्रमाणाने ३५ ग्रॅम पावडर लागते. वर्गात रुक्ष वाटणारे वर्तुळाचे क्षेत्रफळ त्या दिवशी सगळ्यांनी न सांगता काढले. पावडर बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला आणि वरची निवळी विहिरीत सोडली. तासाभराने गुलाबी रंग आला तेव्हा आजीही पाहायला उठल्या.

पण शोषखड्डा तिथेच असेपर्यंत ही तात्पुरती सोय आहे, हे त्या घराला स्पष्ट सांगितले आहे. खड्डा हलवायचे काम त्यांनी पावसाळ्यानंतर धरले आहे. ते झाले की परत बाटली भरायची, आणि या वेळी घरच्यांच्या समोर, असे मुलांनी ठरवले आहे.