दिव्यांच्या रांगेत एक दिवा कमी

चावी अर्धी फिरवली की मी आधी मीटरवरचे दिवे मोजतो. इंजिन चालू करायचं नाही, नुसतं इग्निशन ऑन करायचं. इंजिन, बॅटरी, ऑइल, हँडब्रेक, एबीएस, एअरबॅग हे सगळे दिवे एकदम लागले पाहिजेत. थोड्या सेकंदांत एबीएस आणि एअरबॅगचे विझतात, ऑइल-बॅटरीचे इंजिन चालू झाल्यावर. गाडी स्वतःला तपासते आणि सगळं ठीक असेल तर दिवा मालवते. लागलेला दिवा विझला नाही तर कुणाच्याही लक्षात येतं. मुळात लागलाच नाही, तो दिवा मात्र कुणी बघत नाही.

वाकडच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी त्या दिवशी तीनदा चावी फिरवली. तिन्ही वेळा एअरबॅगचा दिवा लागला नाही.

मी जुन्या गाड्या तपासून देतो. आधी चौदा वर्षं वर्कशॉपमध्ये हात काळे केले, आता घेणाऱ्याच्या बाजूने गाडी बघायची आणि लेखी अहवाल द्यायचा एवढंच काम करतो. त्या रविवारचं गिऱ्हाईक म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक शिक्षिका. घरातली पहिली गाडी. बजेट सहा लाख, त्यातले दोन भिशीचे. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून मागे नीट बसता यावं आणि गावाहून येताना धान्याची पोती डिकीत मावावीत, या दोन अटी. म्हणजे कॉम्पॅक्ट सेडान, मागे वेगळी डिकी असलेली छोटी गाडी.

फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, "दादा, नवीच घेऊ का?" हा प्रश्न मला २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज येतो. त्या दिवसापासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, ही छोट्या गाडीची जुनी व्याख्या. २००६च्या बजेटमध्ये अशा गाड्यांना करसवलत मिळाली आणि त्या सवलतीनेच आपल्याकडची कॉम्पॅक्ट सेडान जन्माला घातली. डिझायर २००८मध्ये आली तेव्हा ४१६० मिलिमीटर होती, २०१२मध्ये तिची शेपूट कापून ३९९५ केली. अमेझ, ऑरा, टिगोर सगळ्या याच मापात बसवलेल्या. या गाड्यांची डिकी आखूड दिसते म्हणून लोक नावं ठेवतात. पण दार उघडून बघा, २०१८च्या डिझायरची ३७८ लिटर, त्याच वर्षीच्या अमेझची ४२०. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घराला याहून जास्त काय लागतं?

मॅडमना मी हिशोब सांगितला. नवीन डिझायरचं सगळ्यात खालचं मॉडेल घेतलं, त्यावर राज्याचा ११ टक्के रोड टॅक्स आणि विमा धरला, तर सव्वासात लाखांच्या आसपास जातं. बदल्यात सहा एअरबॅग, ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीतले पाच तारे आणि कंपनीची वॉरंटी. जुनीत त्याच पैशात वरचं मॉडेल येतं. विम्याचा तक्ताच सांगतो की किंमत कशी उतरते : वर्ष पुरं होईपर्यंत १५ टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ३०, पाचव्याला ५०. माझ्या मते तीन ते पाच वर्षांची, एकाच मालकाची, कंपनीत सर्व्हिस झालेली गाडी मिळाली तर ती घ्यावी. तशी नाही मिळाली तर कर्ज थोडं वाढवून नवी घ्यावी. मॅडम म्हणाल्या, कर्जाची भीती वाटते. म्हणून ही गाडी बघायला आलो.

२०१८ची डिझायर, पेट्रोल, व्हीएक्सआय, पांढरी. मीटर ५२ हजार. मागणी पाच लाख चाळीस. विकणारा पस्तिशीतला, आयटीतला, बोलायला अतिशय साधा. बायको आणि चार-पाच वर्षांची मुलगी खाली आलेली. मुलगी मागच्या सीटवर चढून आपली खेळणी गोळा करत होती. मला हा माणूस पहिल्या मिनिटापासून खरा वाटला आणि दिवस संपेपर्यंत तो खराच राहिला.

कॉम्पॅक्ट सेडान म्हटली की माझी पहिली शंका टॅक्सीची. या गाड्या टूर्सला फार चालतात, मग पिवळी पाटी काढून पांढरी लावून विकायला येतात. आरसीत तशी नोंद दिसते, पण क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर आणि मागच्या डाव्या दाराचं हँडल आरसीच्या आधी बोलतं. इथे रबरावरच्या रेघा शाबूत. दुसरी शंका सीएनजीची : किट काढून टाकलं तरी डिकीच्या पत्र्याला बोल्टची भोकं राहतात. नव्हती. मग रंग मोजायचं यंत्र फिरवलं. बॉनेट, चारही दारं, छप्पर, सगळीकडे १०० ते १२० मायक्रॉन. म्हणजे कंपनीचाच रंग. पुट्टी असती तर आकडा पाचशेच्या पुढे गेला असता. दारांच्या फटी सारख्या, काचांवर सालही जुळणारं.

मॅडमचा चेहरा खुलला. चालवून बघितली, इंजिन शांत, गिअर मऊ, स्टेअरिंग एका बाजूला ओढत नव्हतं. त्या मागे बसल्या, पाय लांब करून बघितले आणि म्हणाल्या, "आईंना जमेल इथे." मला त्यांचं ते वाक्य अजून आठवतं, कारण तोपर्यंत दिव्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. बल्ब गेला असेल, एखादी वायर सुटली असेल. अर्धवट कळलेलं बोलायचं नाही हा माझा नियम आहे.

कागद हातात घेतले. नंबर एमएच-०८, म्हणजे रत्नागिरी. मालक क्रमांक दोन. ट्रान्सफर नोव्हेंबर २०२१. कंपनीतल्या सर्व्हिसच्या नोंदी जून २०२१पर्यंत अगदी वेळच्या वेळी, ३१ हजारांवर शेवटची. पुढे एकही नाही.

रत्नागिरीच्या हजारो चांगल्या गाड्या रस्त्यावर आहेत. नुसत्या नंबरावरून मी कुठल्याच गाडीला बोल लावत नाही. पण जून २०२१ आणि नोव्हेंबर २०२१ यांच्या मध्ये २२ जुलै येते. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी याच जिल्ह्यातल्या चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं होतं. बाजारपेठेतली खाली लावलेली गाडी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

पाण्यातली गाडी ठोकलेल्या गाडीसारखी नसते. पाणी पोचा पाडत नाही. रंग तसाच, फटी तशाच, चासी सरळ. माझं मायक्रॉनचं यंत्र तिथे कामाचं नाही. गाडी खालून वर वाचावी लागते.

पुढच्या डाव्या सीटचा बेल्ट मी शेवटपर्यंत ओढला. एरवी आपण हातभर ओढतो आणि खटका लावतो. या बेल्टचं रीळ खांबाच्या पायाशी असतं, म्हणून सीटच्या उंचीपर्यंत पाणी आलं तरी ते बुडतं. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर फिकट तपकिरी डाग होता, कडा सरळ, ओल्या कपड्यावर सुकलेल्या चहासारखी. ड्रायव्हरच्या बाजूला तसा डाग नव्हता. लेबलवरची तारीख बघितली : गाडी २०१८ची, बेल्ट २०२१चा. एक बदलला होता, दुसऱ्याचा खर्च वाचवला होता.

मग डिकी. स्टेपनी उचलली. खळगा स्वच्छ पुसलेला, वर काळा रंगही मारलेला. पण स्टेपनी उलटी केली तर रिमच्या आतल्या खोबणीत बोट फिरवताच तांबूस गाळ आला, पिठासारखा बारीक, सुकून चिकटलेला. पुण्याची धूळ करडी असते. हा रंग जांभ्याच्या मुलखाचा. सीटच्या रुळांच्या बोल्टवर पाना फिरल्याच्या खुणा होत्या, म्हणजे कधीतरी सीट काढून कार्पेट बाहेर घेतलं होतं. दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिकची पट्टी मालकाला विचारून उचकटली. खालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवी भुकटी बसली होती.

शेवटी स्कॅनर लावला. इंजिनचा कंट्रोलर बोलला. एबीएसचा बोलला. एअरबॅगचा कंट्रोलर काही उत्तर देईना. दोनदा, तीनदा, तेच. हा डबा गिअरच्या पुढे, मधल्या कन्सोलच्या खाली जमिनीला बोल्ट केलेला असतो. गाडीत पाणी शिरलं की आधी त्याच्या पायाशी येतं. तो मेला तर दोन्ही एअरबॅग मेल्या, आणि धडकेच्या क्षणी बेल्ट आवळून धरणारी यंत्रणाही मेली. अशा वेळी गाडी दिवा लावून सांगते. मालकाला विचारून मीटरचं झाकण काढलं. स्क्रूची डोकी ओरबाडलेली होती आणि आत त्या दिव्यावर बोटाच्या पेराएवढा काळ्या चिकटपट्टीचा तुकडा होता.

मी ती पट्टी किती वेळ बघत राहिलो ते आठवत नाही. गाळ राहिला, बोल्ट ओरबाडले गेले, हे कामचुकारपणात खपेल. ही पट्टी कुणीतरी नीट मापात कापून, नीट जागेवर लावली होती.

माझी फी मॅडम देणार होत्या, म्हणून आधी त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. व्यवहार करू नका, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मागच्या सीटवर खेळणाऱ्या पोरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, त्यांनाही सांगा. लहान लेकरू आहे त्यांचं."

विकणाऱ्याला दोष दाखवणं हे रोजचं काम आहे. तो भाव सांभाळायला बघतो, आपण पुरावा दाखवतो. इथे पुरावा दाखवल्यावर तो भावाचं काही बोललाच नाही. बेल्टचा डाग त्याने स्वतः ओढून बघितला. "दादा, मी फर्स्ट क्लास आहे म्हणून घेतली होती. सेकंडहँडच्या दुकानातून. त्यांनी सांगितलं डॉक्टरची गाडी आहे, कमी चालली आहे." ते खोटं असेलच असं नाही. डॉक्टरची असेल, कमीही चालली असेल. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पुरी बाद धरते आणि मूळ मालकाला पैसे देऊन मोकळी होते. बाद झालेली गाडी लिलावात जाते. पुढे ती सुटे भाग म्हणून मोडायची की धुऊन-पुसून उभी करायची, हे घेणाऱ्याच्या हातात.

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "आपण दर गणपतीला ताम्हिणीतून गेलो ना हिच्यातून? चार वर्षं?" आणि माझ्याकडे वळून, "भाऊ, ही पुढे माझ्या मांडीवर बसायची."

मी त्यांना सांगितलं की बेल्टचं लॉक यांत्रिक असतं, ते चालू आहे, मी झटका देऊन तपासलंय. आणि हेही सांगितलं, कारण न सांगणं चूक झालं असतं : चालू एअरबॅगच्या गाडीतही मूल पुढे मांडीवर घ्यायचं नाही, कधीच नाही. ते मागे, स्वतःच्या सीटमध्ये, बेल्टने बांधलेलं. त्यांनी मान हलवली. पोरीला खाली उतरवलं आणि खेळण्यांची पिशवी घेऊन त्या वर गेल्या.

मॅडमनी पुढे महिनाभराने नवी घेतली, खालचंच मॉडेल, सात वर्षांच्या हप्त्यावर. डिकीत पोती मावतात असा फोन आला होता.

गाडीचा मालक मात्र त्याच दिवशी म्हणाला, आजच उघडून बघायची. रविवारी उघडं असलेलं माझ्या ओळखीचं एक वर्कशॉप होतं. तो एकटा गाडी घेऊन हळू निघाला, मी दुचाकीवर मागे. बॅटरीची वायर काढून मिस्त्रीने कन्सोल उचललं. कंट्रोलरच्या ॲल्युमिनियमच्या डब्याला पांढरे-हिरवे फोड आले होते, खालच्या कार्पेटचा नमदा काळपट पडून कडक झाला होता. डबा, दोन्ही एअरबॅग, पुढचे बेल्ट, खालचं वायरिंग असा अंदाज मिस्त्रीने पाठकोऱ्या कागदावर लिहिला. आकडा लाखाच्या वर गेला. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "करा."

मग खिशातून पार्किंगची एक पावती काढली, नमद्याखालचा लाल गाळ चिमटीने तिच्यावर घेतला, ती काळी पट्टीही ठेवली आणि पुडी बांधली. "ज्याच्याकडून घेतली त्याच्या टेबलावर ठेवायचीय," म्हणाला. "तुमचा अहवाल पण द्या मला. त्याची फी मी वेगळी देतो." फी मी घेतली नाही. अहवाल रात्रीच बसून लिहिला, प्रत्येक फोटोखाली वेळ घालून.