चिंक्वे तेर्रेचे दगडी बांध

इटलीच्या किनाऱ्यावरच्या चिंक्वे तेर्रेत सगळे रंगीत घरांचे फोटो काढतात. माझा पाय निघेना तो मागच्या डोंगरातून. समुद्रावरून थेट वर चढणाऱ्या उतारावर लोकांनी शेकडो वर्षं खपून, नुसते दगड रचून, पायऱ्या-पायऱ्यांची शेतं केलीत. चुना नाही, सिमेंट नाही. मी एका सांदीत बोट घातलं, आत ओल होती: पावसाचं पाणी असंच झिरपतं, म्हणून बांध फुगून फुटत नाही. वर द्राक्षवेली, द्राक्षं सुकवून शाक्केत्रा ही गोड वाइन करतात. १९९७ साली हा प्रदेश जागतिक वारसा ठरला. पण शेती सुटली की बांध ढासळतात. २५ ऑक्टोबर २०११च्या अतिवृष्टीत वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही इथली गावं चिखलाखाली गेली. पर्यटकांचा पैसा आधी या बांधांना लागावा, असं मला फार वाटतं.