रिक्षाच्या दोनशे विड्या

घरोघरी जाऊन प्रवासाची माहिती गोळा करण्याच्या कामात भरून आलेले फॉर्म तपासणं हा अनेकांना कंटाळवाणा भाग वाटतो. मला तो आवडतो. एका घराचा एक फॉर्म. त्यात घरातली माणसं, त्यांचं काम, शिक्षण, गाडी आणि मग 'कालचा दिवस': कोण कुठून निघालं, कुठे गेलं, कशाने गेलं, किती वेळ लागला, किती पैसे लागले. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं म्हणजे आमच्या हिशेबात एक फेरी. शेकडो घरांच्या फेऱ्या नकाशावर मांडल्या की गावाची रोजची ये-जा डोळ्यांसमोर येते.

सोलापूरच्या सर्वेक्षणात कुंभारीच्या घरकुलांचे फॉर्म हाती आले, तेव्हा बायकांच्या रकान्यात ओळीने शून्य होतं. नवरा यंत्रमागावर, दोन फेऱ्या. मुलगा कॉलेजात, दोन फेऱ्या. बायको विडी कामगार, कामाची जागा घर, फेऱ्या शून्य. पुढचं घर तसंच, त्याच्या पुढचं तसंच. माहिती भरणाऱ्या मुलामुलींनी सूचना नीट पाळल्या होत्या. घरी बसून काम करणाऱ्या व्यक्तीसाठी कामाच्या प्रवासाचा भाग सोडून पुढे जावं, असं पुस्तिकेत छापलेलंच होतं आणि अशा पुस्तिका बहुतेक ठिकाणी याच साच्याच्या असतात. 2011 च्या जनगणनेतही कामाच्या जागेचं अंतर आणि जाण्याचं साधन हे प्रश्न फक्त 'इतर कामगार' या वर्गाला विचारले होते. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणारे त्यातून बाहेर होते.

पण मी सोलापूरच्या शेळगीत वाढले. शहराच्या पूर्वभागातल्या विडी कामगार बायका लहानपणापासून पाहत आले आहे. विड्या घरी वळतात हे खरं. पण वळलेल्या विड्या कारखान्याच्या शाखेत नेऊन द्याव्या लागतात आणि दुसऱ्या दिवसाचं पान, तंबाखू, दोरा तिथूनच आणावा लागतो. एवढ्या बायका रोज रस्त्यावर असताना आमच्या कागदावर त्या घराबाहेर पडलेल्याच नव्हत्या. फेरतपासणीसाठी काही घरं निवडायची असतातच. मी ती सगळी कुंभारीची निवडली.

कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, अक्कलकोट रस्त्यावर. पूर्वभागापासून दहा-बारा किलोमीटर धरा. विडी कामगार महिलांसाठीचं गोदूताई परुळेकर वसाहतीचं दहा हजार घरांचं काम तिथे उभं राहिलं आणि 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. भाड्याच्या एका खोलीत, पत्र्याखाली, पानांच्या आणि तंबाखूच्या वासात सहा-सात माणसं राहत होती. त्यातल्या विडी वळणाऱ्या बाईच्या नावावर स्वतःचं घर झालं. हे फार मोठं काम आहे आणि पुढे जे लिहिते आहे त्याने ते लहान होत नाही. त्याच 2006 साली केंद्राचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणही आलं. जमिनीचा वापर आणि वाहतूक यांचं नियोजन एकत्र करावं, हा त्या धोरणाचा गाभा. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टींची कुंभारीत गाठ पडायला हवी होती.

माझ्यासोबत माहिती भरणारी एक मुलगी होती, पूर्वभागातलीच, घरी तेलुगू बोलणारी. सकाळी लवकर पोचलो. ओट्यावर एक बाई मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं शेजारी. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. आमच्याशी बोलताना त्यांचे हात थांबले नाहीत.

"या की मॅडम, बसा."

मी फॉर्म बाजूला ठेवला आणि कालचा दिवस उठल्यापासून सांगायला सांगितलं. पाणी, भाकरी, नवऱ्याचा डबा, विड्या. मग "कारखान्याला जाऊन आले". येताना सासूच्या गोळ्या घेतल्या, भाजी घेतली, जुन्या गल्लीत नणंदेकडे पाच मिनिटं बसल्या, परत आल्या. पुन्हा विड्या. एवढ्याचे धागे सुटे केले तर चार-पाच फेऱ्या होतात. आमच्याकडे शून्य.

मी खर्च विचारला. बाईंनी रुपये सांगितलेच नाहीत.

"रिक्षाच्या दोनशे विड्या वेगळ्या धरायच्या मॅडम. सकाळी पहिल्या दोनशे वळते ना, त्या रिक्षाच्या. मग पुढच्या घरच्या."

"आणि वेळ?"

"वेळेच्या अजून वेगळ्या की ओ. जाऊन येऊन, लाईनीत बसून अडीच तास जातात. तेवढ्यात अडीचशे तर सहज झाल्या असत्या."

दिवसाला हजाराच्या आसपास विड्या वळणारी बाई. वाहतुकीच्या अभ्यासात प्रवासाचे पैसे आणि प्रवासाचा वेळ एकाच मापात आणून एकूण खर्च काढतात. त्यासाठी वेळेची किंमत ठरवावी लागते आणि त्या किमतीवर आमच्यात तासन्‌तास वाद होतात. या बाईंनी दोन्ही गोष्टी विड्यांत मोजल्या होत्या आणि तो हिशेब रोजचा होता. मी वहीत तो तसाच उतरवून घेतला. इतकं नेमकं उत्तर मला क्वचितच कुणी दिलं आहे.

पूर्वी, गावात म्हणजे सोलापुरात राहत असताना, शाखा दहा मिनिटांवर होती. चालत जायचं, चालत यायचं, धाकट्याला कडेवर घेऊन. "तेव्हा काय, रस्ता ओलांडला की कारखाना." काही बायकांच्या शाखा आता जवळ आहेत, यांची अजून गावातच. जायचं नाही असं चालत नाही. विड्या दिल्या नाहीत तर उद्याचं पान मिळत नाही. शेजारणीकडे गठ्ठा देऊन पाठवता येतं, पण मग छाट, म्हणजे नापास विड्या, किती काढली यावर बोलायला आपण तिथे नसतो.

त्यांच्या नवऱ्याचं उलटं झालं होतं. त्यांचा माग अक्कलकोट रोड एमआयडीसीत, म्हणजे गाव आणि कुंभारी यांच्या मधे. जुन्या घरातून आणि नव्या घरातून त्यांना जवळपास तेवढंच अंतर, सायकलवर भागतं. एकच घर हललं, नवऱ्याच्या दिवसात फारसा फरक पडला नाही, बायकोच्या दिवसातून साडेचारशे विड्या गेल्या. घराचा एक सरासरी आकडा काढला असता तर हे कधीच दिसलं नसतं.

साडेदहाच्या पुढे त्यांनी गठ्ठा बांधला आणि आम्ही दोघी सोबत निघालो. कोपऱ्यावर शेअर रिक्षा उभी होती. तिच्यात आधीच तीन बायका, तीन गठ्ठे. या रिक्षावाल्यांना शाखांच्या वेळा पाठ आहेत: कुठली किती वाजता उघडते, कुठे आज पान उशिरा येणार, कुठे गर्दी. एकजण म्हणाला, "अकरा ते दोन आमचा धंदा सगळा यांच्यावरच ताई." राज्य परिवहनच्या गाड्यांत 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. साधी गाडी वेळेवर मिळाली तर काहीजणी तिनेच जातात. पण गाडीच्या वेळा अक्कलकोटच्या प्रवाशांच्या, शाखेच्या नव्हेत.

अशोक चौकाच्या अलीकडे उतरून आत गल्ल्यांतून चालत शाखेत गेलो. आत ओळीने बसलेल्या बायका, पुढे विड्या तपासणारा. त्याने एक बंडल सोडलं, बोटांनी चाचपलं, काही विड्या बाजूला टाकल्या. छाट. त्यांचे पैसे नाहीत, पान मात्र वापरलं गेलेलं. बाई काही बोलल्या नाहीत, पण परत निघताना किती काढल्या ते मला आकड्यात सांगितलं.

शाखेत मी दारापाशी उभी राहून बघत होते आणि माझ्या डोक्यात आमच्या कार्यालयातला तक्ता फिरत होता. कुठल्या भागाकडे किती फेऱ्या ओढल्या जातात हे आम्ही तिथल्या नोकऱ्यांवरून काढतो. नोंदीप्रमाणे या शाखेत नोकरीला असणारी माणसं चार-पाच. तपासणारे, हिशेब लिहिणारा, पान मोजून देणारा. म्हणजे नकाशावर हा ठिपका जवळजवळ पुसटच. प्रत्यक्षात दुपारपर्यंत शे-दोनशे बायका तिथे येऊन गेल्या असतील. घराच्या बाजूने फेरी शून्य, शाखेच्या बाजूने ओढ शून्य. दोन्ही टोकं नाहीत, मग मधला रस्ता, थांबा, बस, काहीच कुणाच्या आराखड्यात येणार नाही. मागणी नाही म्हणून बस नाही, असं पुढे कुणीतरी सरळ मनाने लिहील आणि त्याच्याकडे आकडे असतील.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं आमच्या मुख्य संशोधकांपुढे मांडलं. त्यांचा पहिला प्रश्न योग्य होता: एका घरावरून फॉर्म बदलता येतो का? मी सगळ्या फेरतपासणीच्या घरांच्या नोंदी दाखवल्या. विडी वळणारी जी जी बाई होती, तिच्याकडे शाखेची फेरी निघालीच होती, कुणाची रोज, कुणाची एक दिवसाआड. मग ते बराच वेळ वहीतला विड्यांचा हिशेब बघत बसले आणि म्हणाले, "हे अहवालाच्या मजुरीच्या प्रकरणात जसंच्या तसं घ्या."

फॉर्ममध्ये दोन ओळी वाढल्या. घरी काम करणाऱ्या प्रत्येकाला कच्चा माल आणायला किंवा तयार माल द्यायला कुठे जाता हे विचारायचं. आणि चालत गेलेली फेरी कितीही छोटी असली तरी लिहायची. पूर्वभागात आणि कुंभारीत मुलांनी ती घरं पुन्हा केली. शिलाई करणाऱ्या बायका, टॉवेलला गोंडे करणाऱ्या बायका याही त्यात पुढे आल्या.

हे आता तातडीचं आहे. कुंभारीजवळच रे नगरची तीस हजार घरांची योजना आहे. त्यातली पहिली पंधरा हजार घरं जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, शिलाईवाल्या, कचरा वेचणाऱ्या, अशा लोकांची ती घरं. शहरात स्वस्त जागा नाही म्हणून वस्ती बाहेर जाते, हे समजण्यासारखं आहे. पण घराबरोबर पान, तंबाखू आणि माल देण्याची जागा जात नाही. महापालिकेची हद्द 1992 मध्येच वाढून 178 चौरस किलोमीटर झाली. ती वाढली तेव्हाही बाळे, सोरेगाव, मजरेवाडीकडे घरं आधी गेली आणि बस मागून पोचली. जिथे गिरणीला लागूनच चाळी होत्या, भोंगा झाला की माणूस चालत कामावर पोचायचा, त्या गावात हे व्हावं याचं मला वाईट वाटतं.

मसुद्यात मी दोन शिफारशी लिहिल्या आहेत. पहिली शाखांबद्दल: घरकुलांच्या आत माल देण्या-घेण्यासाठी जागा राखून ठेवावी. फेरीच उरली नाही तर तिचा खर्चही उरत नाही आणि वाहतुकीसाठी याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. दुसरी बसबद्दल. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सात ही गर्दीची वेळ धरून केलेलं वेळापत्रक या बायकांच्या उपयोगाचं नाही. बाईंना मी निघताना विचारलं होतं, बस मिळाली तर किती वाजता हवी.

"अकराला सोडा. दहाला कुणाची भाकरी होत नाही," त्या म्हणाल्या. "आणि येताना दोनची. गठ्ठा ठेवायला पुढे जागा ठेवायला सांगा, पानाची गोणी मांडीवर मावत नाही."

तिन्ही गोष्टी मसुद्यात आहेत. पूर्वभागातल्या शाखा कुठे कुठे आहेत आणि किती वाजता उघडतात याची यादी रिक्षावाल्यांच्या मदतीने तयार होते आहे. ती जोडली की तो भाग परिवहन विभागाकडे पाठवायचा आहे.