आयपी फोनची टिपणं: एकतर्फी आवाज आणि उघडं पोर्ट

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या २४ फोनांच्या ऑफिसात कॉल जोडणारं सॉफ्टवेअर अ‍ॅस्टरिस्क बसवलं की पहिली तक्रार ठरलेली: आमचं समोरच्याला ऐकू जातं, त्याचं आम्हाला येत नाही. आणि त्यावरचा तोडगाही ठरलेला: राउटरवर ५०६० पोर्ट (कॉलचे संकेत येतात ते दार) साऱ्या जगासाठी उघडायचं, नाहीतर सर्व्हर सरळ डीएमझेडमध्ये, म्हणजे राउटरच्या संरक्षणाबाहेर टाकायचा. कधी कधी आवाज येतोही. पण चोराला दारही मिळतं.

एसआयपी हा संकेतांचा प्रोटोकॉल फक्त कॉल जुळवतो. आवाज आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने, वेगळ्या यूडीपी पोर्टांवरून जातो. सर्व्हर समोरच्याला ‘आवाज इथे पाठव’ म्हणून स्वतःचा १९२.१६८ वाला खासगी, बाहेरून न पोहोचता येणारा पत्ता कळवतो आणि तिथेच गाडी अडते. म्हणून पीजेसिपच्या (सर्व्हरचा एसआयपी सांभाळणारा भाग) ट्रान्सपोर्टमध्ये मीडिया (आवाज) आणि सिग्नलिंग (संकेत) दोन्हींसाठी बाहेरचा स्थिर पत्ता द्या, लोकल नेटवर्कची रेंज लिहा. हा बदल नुसत्या रीलोडने लागू होत नाही, सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते. ट्रंकच्या, म्हणजे फोन कंपनीच्या बाहेरच्या लाइनच्या एंडपॉइंटला (तिच्या नोंदीला) आरटीपी सिमेट्रिक (आवाज जिथून येतो तिथेच परत पाठवणं) चालू, डायरेक्ट मीडिया (सर्व्हरला वगळून थेट आवाज) बंद. राउटरमधलं एसआयपी एएलजी (एसआयपी संदेशांत फेरफार करणारी सोय) हेही बंदच ठेवा. ते पत्ते अर्धवट बदलून घोळ वाढवतं.

कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर आवाजाच्या मागे लागू नका. उत्तराची पोच, म्हणजे एसीके, परत पोहोचत नाही. अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट वाट पाहून यंत्रणा कॉल सोडते. तिथेही दोष बहुधा पत्त्याचाच.

ट्रंक रजिस्टर होणारा, म्हणजे आपला सर्व्हरच कंपनीकडे नोंद करणारा असेल तर ५०६० बाहेरून उघडायची गरजच नसते. दर ३० सेकंदांचा क्वालिफाय (‘आहेस का?’ अशी चौकशी) राउटरमधली वाट जिवंत ठेवतो. उघडावंच लागलं तर फक्त कंपनीने दिलेल्या आयपींसाठी. आरटीपीची १०००० ते २०००० ही रेंजही एवढ्या ऑफिसला फार मोठी. २०० पोर्ट पुरतात. शहरातल्याच अलकापुरीतल्या घरून फोन हवा असेल तर वायरगार्ड हे व्हीपीएन वापरा.

उघड्या ५०६० वर स्कॅनर आले की आधी एक्स्टेन्शन शोधतात, मग पासवर्ड. १०१ चा पासवर्ड १०१ असला तर रात्रीतून परदेशी महागड्या नंबरांवर कॉल सुटतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. फेल-टू-बॅन (वारंवार चुकणाऱ्या पत्त्याला अडवणारं साधन) लावाच, पण खरा आधार डायल प्लॅनचा, म्हणजे कुठला नंबर लावू द्यायचा या नियमांचा. ००ने सुरू होणारे नंबर मुळातच बंद, ज्याला लागतात त्याला पिन. ट्रंक कंपनीकडूनही खर्चाची मर्यादा घालून घ्या.

फोनांना वेगळी व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवरचं वेगळं नेटवर्क हवं. एलएलडीपी-मेड या स्विचच्या सूचनेने फोन ते स्वतः ओळखतो. पीओईचा, म्हणजे केबलमधूनच मिळणाऱ्या विजेचा हिशेब मात्र पावतीवर दिसत नाही. फोन खातो ५-६ वॉट, पण क्लास शून्यचा (किती वीज लागते ते न सांगणारा) असला तर काही स्विच त्याच्यासाठी १५.४ वॉट राखून ठेवतात. मग १९५ वॉटच्या स्विचवर १२ फोन चालतात आणि तेरावा मेलेला वाटतो. केबल बदलण्याआधी हे तपासा.

जी.७११ या आवाजाच्या कोडेकचा एक कॉल इथरनेटवर ८७.२ केबीपीएस, दोन्ही दिशांना. आठ कॉल म्हणजे ७०० च्या आसपास. आवाजाला डीएससीपी ४६ हा प्राधान्याचा शिक्का द्याच, पण इंटरनेटवर ते कुणी पाळेलच असं नाही. अपलोडला लाइनच्या ९० टक्क्यांवर स्वतःच लगाम घाला, म्हणजे रांग आपल्या राउटरमध्ये लागेल आणि आवाज पुढे काढता येईल.

एसआरटीपी (आवाज गुप्त करणारं आरटीपी) एकटं लावून समाधान मानू नका. एसडीईएस या किल्ली पोहोचवण्याच्या पद्धतीत किल्ली एसआयपीतूनच जाते. टीएलएस, म्हणजे संकेतही गुप्त करणारी सोय नसेल तर ती कुणालाही वाचता येते. टीएलएस लावलं की फोनचं घड्याळ बरोबर हवं. वीज जाऊन आली, एनटीपी (नेटवर्कवरून वेळ देणारी सेवा) मिळालं नाही, की तारीख मागे पडते, सर्टिफिकेट नाकारलं जातं आणि सगळे फोन एकदम अनरजिस्टर होतात. व्हॉइस व्हीलॅनमधून एनटीपी पोहोचतो का, ते आधीच पाहून ठेवा.

शेवटी मोबाइल डेटावरून आपल्या बाहेरच्या पत्त्यावर ५०६० तपासा, उत्तर येता कामा नये. मग आतल्या फोनवरून ००९७१ ने सुरू होणारा परदेशी (यूएईचा) नंबर लावून पाहा. कॉल सर्व्हरवरच अडला पाहिजे, ट्रंकपर्यंत पोहोचता कामा नये.