जोडवी निघेनात तेव्हा: बीपी, झटक्यांची भीती आणि माझं बाळंतपण

डोहाळजेवणाच्या फोटोंत माझा चेहरा गोल गरगरीत दिसतो. आत्याबाई म्हणाल्या होत्या, "काय तेज आलंय पोरीला!" ते तेज नव्हतं, सूज होती. पंधरा दिवसांत जोडवी रुतायला लागली, साबण लावूनही निघेनात. पहिलटकरणीचे पाय सुजायचेच, असं घरात सगळ्यांचं मत. ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं तिथेही बीपी न बघता 'मीठ कमी करा' सांगून पाठवलं. (हा प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार होता आणि मीठ कमी करून तो टळत नाही, हे नंतर कळलं.) छातीखाली दुखायचं ते पित्त समजून मी कोकम सरबत पीत होते.

९ तारखेला आशाताई दारात. "वहिनी, आज सरकारी तपासणी असते, चला." तेहतिसावा आठवडा. सिस्टरनी पट्टा बांधला, मशीनकडे बघितलं, काहीच बोलल्या नाहीत. पंधरा मिनिटांनी पुन्हा बांधला. १६४/११२. लघवीत बुडवलेली पट्टी पिवळ्याची हिरवी झाली, म्हणजे प्रथिनं जात होती. "डोकं दुखतं? डोळ्यांपुढे काजवे?" दोन्ही होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच.

बीपीची गोळी दिली. मग मॅग्नेशियम सल्फेट: शिरेतून ४ ग्रॅम, दोन्ही कुल्ह्यांवर ५-५ ग्रॅम. शिरेतून जाताना अंगभर कढत पाणी फिरल्यासारखं वाटलं. कुल्ह्यांचं विचारूच नका. झटके येऊ नयेत म्हणून हे आधी, मगच १०८ मधून जिल्ह्याला.

तिथे दर चार तासांनी पुढचं इंजेक्शन, पण त्याआधी सिस्टर हातोडीनं गुडघ्याखाली टिचकी मारायच्या. पाय उडाला की घड्याळ लावून श्वास मोजायच्या, लघवीची पिशवी बघायच्या, मगच सुई. रात्री दोनला झोपेतून उठवून हे चाललेलं बघून मी वैतागले, तर म्हणाल्या, "ताई, औषध जास्त झालं की आधी गुडघा गप्प होतो, मग श्वास. गुडघा उडतोय तोवर मी निवांत." उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी ट्रेमध्ये तयार असायची.

घरी आल्यावर वाचलं, २००२ मध्ये ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार बायकांवरच्या अभ्यासात या स्वस्त औषधानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला होता. तरी गरीब देशांत बायका या आजारानं जातातच. पट्टा बांधला गेला नाही तर औषध कपाटातच राहणार. मी वाचले ती ९ तारखेमुळे.

बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉईडची इंजेक्शनं देऊन दोन दिवस काढले, तोवर प्लेटलेट उतरू लागल्या आणि सिझर ठरलं. थिएटरच्या दारात मावशींनी जोडवी पकडीनं कापली. मुलगी १ किलो ६०० ग्रॅम, बरेच दिवस काचेच्या पेटीत. मला वाटलं, सुटले. चौथ्या दिवशी बीपी परत १५०. बाळंतपणानंतरही झटके येऊ शकतात, म्हणून गोळ्या घेऊनच घरी आले.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी बाराव्या आठवड्यापासून रात्री ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन लिहून दिली, शिवाय कॅल्शियम. सासूबाई आठवड्यातून दोनदा पट्टा बांधायच्या आणि आकडे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी मांडायच्या. १३० च्या वर एकदाही गेलं नाही. जोडवी मात्र मी सहाव्यातच काढून डब्यात ठेवली होती.