साडेसहा किलोत रेवस ते रेडी

लांबच्या सायकलप्रवासाचं सामान ठरवायला बसाल तेव्हा आधी नकाशा उघडा, कपाट नंतर. गावं किती अंतरावर आहेत, त्या गावांत काय मिळतं, पाणी कुठे आहे, रात्री हवा कशी असते, एवढं नीट कळलं की निम्मं सामान आपोआप गळून पडतं. उरलेल्या निम्म्यात मात्र काही वस्तू अशा असतात की त्यांतली एक जरी राहिली तरी प्रवास तिथेच थांबतो. मला जे सांगायचंय ते या उरलेल्या निम्म्याबद्दल जास्त आहे.

माझं सांगलीत शिलाईचं दुकान आहे. पौषात लग्नं नसतात, ब्लाउजांची गर्दी कमी असते, आणि नेमकी तेव्हाच कोकणातली हवा सायकलसाठी सगळ्यात चांगली असते. यंदा रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊन आले. फोटो पाहून पुण्याच्या एका मुलीचा फोन आला. म्हणाली, "ताई, बॅगांचा पूर्ण सेट घ्यायचा तर सायकलीच्या निम्म्या किमतीएवढे पैसे लागतायत. एवढं सगळं लागतंच का?" तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

आधी रस्ता. अलिबाग, मुरूड करत आगरदांड्याला यायचं, फेरीबोटीने दिघीला उतरायचं. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै. दाभोळहून धोपावे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. तवसाळहून जयगड, तिथून मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. खाली पावस, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा आणि रेडी. नकाशावर हा रस्ता समुद्राला चिकटून सपाट दिसतो. प्रत्यक्षात तो खाडीपासून शे-दीडशे मीटर वर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, चढतो, थोडा वेळ सड्यावरून चालतो आणि पुन्हा पुढच्या खाडीत उतरतो. दिवसभर हेच. सलग मोठा घाट एकवेळ परवडतो, कारण एकदा लय लागली की ती टिकते. इथे लय लागायच्या आत उतार येतो आणि उतार संपतो तिथे जेटी किंवा पूल. प्रत्येक चढाला मागच्या कॅरिअरवरचा प्रत्येक किलो जाणवतो.

फेरीबोटीचीही एक परीक्षा असते. तिकडे तिला जंगलजेटी म्हणतात. ओहोटीला धक्क्याचा खालचा उतार शेवाळलेला, ओला असतो. मागून मोटरसायकली आणि पुढे टेंपो. तिथे सायकल ढकलत वर न्यायची असते, कधी उचलून वळवायची असते. म्हणून मी घरीच एक कसोटी लावते: भरलेली सायकल मला एकटीला, कुणाचा हात न लागता, जिन्याच्या चार पायऱ्या चढवता आली पाहिजे. माझी सायकल साडेबारा किलोची आहे. पाणी आणि खाऊ सोडून सामान साडेसहा किलोच्या पुढे गेलं की चौथ्या पायरीवर हात थरथरतात. साडेसहा हा आकडा असा माझ्या दंडांनी ठरवलेला आहे, तुमचा वेगळा येईल.

आता जे वाटेत मिळत नाही ते. यात पहिला नंबर डिरेलर हँगरचा. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, फ्रेमला ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो तो हा हँगर. सायकल उजव्या बाजूला आपटली की तो वाकतो, आणि जोरात आपटली की तुटतो. आमच्या सांगलीतल्या मिस्त्रींनी मला तो हातात देऊन सांगितलं होतं, "ताई, हा मुद्दामच मऊ ठेवलेला असतो. पडल्यावर यानं वाकावं आणि फ्रेम वाचावी म्हणून." अडचण अशी की प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा. मोठ्या शहरातल्या दुकानातही तुमच्या सायकलीचा मिळेलच असं नाही. केळशीत किंवा आचऱ्यात तर प्रश्नच नाही. बोटभर लांबीची वस्तू आहे, वजन जवळपास काहीच नाही. आज सायकल घेतली असेल तर आजच जादा हँगर मागवून ठेवा.

दुसरी गोष्ट ट्यूब. कोकणातल्या बहुतेक मोठ्या गावांत पंक्चर काढणारा असतो आणि तो आपल्यापेक्षा चांगलं पंक्चर काढतो. पण ट्यूब त्याच्याकडे साध्या काळ्या सायकलीची, अठ्ठावीस इंची. आपल्या गिअरच्या सायकलीच्या सातशे सी मापाच्या चाकात ती ओढूनताणून बसेलही, पण तिचा व्हॉल्व्ह जाड असतो. आपल्या रिमचं भोक बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी पाडलेलं असतं, साधारण साडेसहा मिलिमीटरचं. त्यातून तो जातच नाही. म्हणून दोन ट्यूब आपल्याच न्यायच्या. आणि सोबत पितळेचा एक छोटा ॲडॉप्टर, जो प्रेस्टावर फिरवून लावला की मोटरसायकलच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येते. हातपंप तरीही न्यायचा, कारण सड्यावर कॉम्प्रेसर नाही. पंक्चरचं सोल्युशन नवीन, न फोडलेलं घ्या. एकदा उघडलेली सोल्युशनची ट्यूब पुढच्या वर्षी हमखास वाळलेली निघते.

बाकी अवजारांत चेन तोडायची सोय असलेलं मल्टिटूल, तुटलेली चेन जोडायच्या दोन क्विक लिंक, ब्रेक पॅडची एक जोडी, दोन गिअर-ब्रेकच्या वायरी, टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा एक तुकडा, थोडे झिप टाय. एवढंच. चेनच्या तेलाची छोटी बाटली मात्र विसरू नका. खारी हवा आणि जांभ्याची लाल धूळ मिळून चेनचं जे करतात ते घाटमाथ्यावर कधी दिसत नाही. संध्याकाळी जुन्या फडक्याने चेन पुसायची, थेंब थेंब तेल घालायचं, जास्तीचं पुन्हा पुसून काढायचं. तेल जास्त राहिलं की धूळ चिकटते आणि तिचं पॉलिश पेपरसारखं काम सुरू होतं.

वाटेत जे मिळतं ते नेऊ नका, आणि कोकणात पुष्कळ मिळतं. स्टोव्ह, गॅस, भांडी हे सगळं घरी. सकाळी घावणे नाहीतर आंबोळी-उसळ, दुपारी माशाचं किंवा शाकाहारी ताट, वर सोलकढी. फक्त एक लक्षात ठेवा: लहान गावांत जेवण आधी सांगून ठेवावं लागतं. दुपारी दीडला जाऊन उभं राहिलं तर घरचे जेवून झोपलेले असतात आणि दुकानाचं फळकुट लावलेलं असतं. म्हणून पुढच्या मुक्कामाचे आणि खानावळीचे फोन नंबर मी एका कागदावर लिहून घेते. त्या कागदाने माझा अख्खा स्वयंपाकाचा संच वाचवलेला आहे. अडीअडचणीला शेंगदाणे, गूळ, चार खजूर. खेरीज मिठाची एक पुडी, कारण कोकम सरबत सगळीकडे मिळतं आणि घाम फार गाळला असेल तेव्हा त्यात आणखी चिमूटभर मीठ हवंसं वाटतं.

तंबूबद्दल मुलं फार आग्रहाने विचारतात. या रस्त्यावर मी तंबू नेत नाही. घरगुती मुक्काम मिळतात, देवस्थानांची भक्तनिवासं आहेत, आणि दर खाडीच्या काठाला गाव आहे. पण मच्छरदाणी नेतेच. एका माणसाची, वरच्या एका दोरीवर टांगता येईल अशी. डास चावून रात्र फुकट गेली की दुसऱ्या दिवशीचा पहिला चढ दुप्पट वाटतो. स्लीपिंग बॅगही नेत नाही. पौषातही किनाऱ्यावर पहाटे फार तर एक चादर लागते. आईच्या जुन्या सुती साडीची मी उशीच्या अभ्र्यासारखी लांब पिशवी शिवली आहे. आत शिरून झोपायचं. अंगाला मऊ लागते, परक्या अंथरुणावर स्वच्छ वाटतं आणि गुंडाळली की हेल्मेटमध्ये मावते.

कपडे दोन जोड. एक चालवायचा, एक संध्याकाळचा. चालवायचा पॉलिस्टरचा, कारण किनाऱ्याच्या दमट हवेत सुती कपडा रात्रभरात वाळत नाही. पॅडच्या चड्ड्या मात्र दोन, कारण त्या पॉलिस्टरच्या असूनही पॅड वाळायला वेळ लागतो. संध्याकाळचा जोड म्हणजे पातळ सलवार-कुडता. मी बाई आहे, एकटी फिरते, लोकांच्या घरी उतरते, देवळात जाते. संध्याकाळी अंगावर साधा घरगुती कपडा असला की वेळणेश्वरच्या वहिनी मला सरळ स्वयंपाकघरात बोलावतात, आणि तिथे बसून ज्या गप्पा होतात त्यांच्यासाठी मी हे दोन-अडीचशे ग्रॅम आनंदाने वाहते. टॉवेलऐवजी पंचा. ओढणी उन्हात तोंडाला, खोलीत पडदा, थंडी वाजली तर खांद्यावर. पायांत एकच जोड, पुढून बंद असलेली सँडल, आणि पेडल साधी सपाट. पेडलमध्ये अडकवायचे क्लीटचे बूट घातले की चालायला दुसरी चप्पल घ्यावी लागते, आणि या रस्त्यावर जेटीवर आणि देवळात उतरणं सारखंच असतं.

एका वस्तूकडून तीन कामं करून घ्यायची ही रीत जुनी आहे. टॉमस स्टीव्हन्स १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलीवर निघाला आणि १८८६ साली योकोहामाला पोचला. त्याच फेरीत तो लाहोरहून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने आला होता. निघताना त्याच्या हँडलच्या पिशवीत मोजे, एक जादा शर्ट, एक पिस्तूल आणि एक रेनकोट होता. तो रेनकोटच त्याचा तंबू आणि तोच त्याचं अंथरूण. आपल्या मुंबईतूनही १९२३ साली सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या फेरीला निघाले, आणि आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा हे तिघं ती पुरी करून १९२८ मध्ये परतले. ही माणसं निघाली तेव्हा त्यांच्यापुढे कुणाची तयार यादी नव्हती. मला त्यांच्याबद्दल अतिशय आदर वाटतो.

पण हीच माझी कोकणाची यादी घेऊन कुणी मनाली-लेहला जाऊ नये, ही हात जोडून विनंती. तंगलंग ला ५,३०० मीटरच्या वर आहे. वरच्या टापूत दिवसदिवस कायमची वस्ती लागत नाही, हंगामातले तंबू तेवढे असतात, आणि रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. तिथे स्लीपिंग बॅग, गरम कपडे, जास्तीचं खाणं या जीव वाचवणाऱ्या वस्तू आहेत. कमी सामान म्हणजे त्या रस्त्याला पुरेल एवढं सामान. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातल्या शर्यतींसाठी केलेल्या याद्या आपली मुलं जशाच्या तशा उतरवून घेतात, त्यात अस्वलांना पळवायचा स्प्रेसुद्धा असतो, याचं मला वाईट वाटतं, कारण त्यापायी पैसे जातात आणि निघणं वर्षावर्षाने लांबतं.

फोन, दहा हजार एमएएचची पॉवर बँक, एक वायर, पुढचा-मागचा दिवा, नकाशे आधीच उतरवून घेतलेले. आपली रोजची औषधं आणि ओआरएसची पाकिटं. पाण्याच्या दोन बाटल्या, आणि जैतापूरपुढच्या लांब सड्यांसाठी लिटरची एक जादा, गावात असताना ती रिकामी ठेवायची.

आता बॅगा, म्हणजे माझा धंदा. मधली बॅग, फ्रेमच्या त्रिकोणातली, घरी शिवता येते. पुठ्ठा त्रिकोणात धरून आतून पेन्सिलने आकार काढा आणि सगळीकडून अर्धा सेंटिमीटर आत कापा. रुंदी सहा सेंटिमीटरच्या वर नको, नाहीतर पेडल मारताना गुडघे घासतात. सॅकसाठी वापरतात ते जाड नायलॉन घ्या, सोळा नंबरची सुई आणि नायलॉनचा दोरा. पट्टे जिथे जोडले जातात तिथे चौकोनात फुली मारून दुहेरी शिवण घाला, बाकी ठिकाणी साधी चालते. बॅगेची चेन, म्हणजे झिप, सरळ बाजूला लावा; कोपऱ्यावरून वळवली तर पहिल्यांदा तीच फाटते. जड वस्तू, म्हणजे अवजारं, ट्यूब, पॉवर बँक, या बॅगेत खालच्या अंगाला. मागे मी साधं कॅरिअर लावते आणि त्यावर कपड्यांची गुंडाळी, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून. त्या पट्ट्या ताणल्या जातात, सरकत नाहीत आणि पंक्चरवाला त्या फुकट देतो. सीटखाली लोंबणाऱ्या लांब बॅगा दिसायला छान असतात, पण उभं राहून चढ मारताना मागे डोलतात. मला ते चालत नाही.

फोन केलेल्या त्या मुलीची फ्रेम लहान आहे. तिच्या त्रिकोणात बॅग आणि बाटल्या दोन्ही मावणार नाहीत, म्हणून बाटल्या पुढच्या फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांवर, न्याव्या लागतील. तिला सांगितलंय, पुण्याच्या बोहरी आळीतून पाइपाला लावतात ते स्टीलचे क्लॅम्प आण, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळ आणि बाटलीचे पिंजरे त्यावर आवळ; स्क्रूचं टोक चाकाच्या बाजूला येऊ देऊ नकोस. तिचा फोर्क स्टीलचा आहे म्हणून हे चालेल. कार्बनच्या फोर्कवर असे क्लॅम्प कुणीही आवळू नयेत.